सलोत्र्याच्या शाळेत मुक्ताबाई

नगर स्टेशनच्या टांगा अड्ड्यावर मुक्ताबाई पहिल्यांदा लगाम धरून उभी राहिली, त्या दिवशी दुपारपर्यंत तिच्या टांग्यात कोणी बसलं नाही. मनमाडकडची गाडी आली, उतारू बाहेर पडले, बाकीचे टांगे भरून माळीवाड्याच्या वेशीकडे निघून गेले. एका शेटजीनं आपली ट्रंक तिच्या टांग्यात ठेवली, वर बघितलं, आणि ट्रंक पुन्हा खाली काढली. मुक्ताबाईनं पदर घट्ट खोचला आणि घोडीच्या मानेवरच्या माश्या हाकलत राहिली.

दुपारच्या गाडीनं एक म्हातारी आपल्या लेकीला घेऊन उतरली. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. म्हातारीनं रांगेतले सगळे टांगेवाले न्याहाळले आणि मुक्ताबाईपाशी येऊन थबकली.

"अगं बया, तू हाकतीस व्हय टांगा?"

"व्हय आत्ती. बसा. खड्डा चुकवून नेते."

तिनं खरोखरच खड्डा चुकवून नेलं. त्या लेकीच्या सासरी-माहेरी मग ही गोष्ट झाली, तिथून आणखी चार घरी गेली, आणि हळूहळू बाळंतिणी, म्हाताऱ्या, शाळेतल्या मास्तरणी मुक्ताबाईच्या टांग्याची वाट बघू लागल्या.

हौस म्हणून तिनं हे आरंभलं नव्हतं. टांगा तिच्या नवऱ्याचा, रंगनाथचा. केडगावात त्याच्या बापापासून घोड्यांचं ठाण होतं. लढाईच्या शेवटच्या वर्षी, पंचेचाळीस साली, सीनेच्या पुलाच्या उतारावर चाकाची खीळ निसटली, टांगा कलंडला आणि रंगनाथचा पाय चाकाखाली आला. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. काठीशिवाय अंगण ओलांडता येईना. घरात दोघंच, एक मुलगी होती ती श्रीगोंद्याकडे दिलेली. रंगनाथ ओट्यावर बसून जुने पट्टे शिवायचा, नवा साज करून द्यायचा, पण तेवढ्यावर घर आणि घोडी दोन्ही कुठून चालणार? घोडी विकावी असं शेजारी म्हणाले. रंगनाथनं मान फिरवली. येवल्याच्या बाजारातून शिंगरू असताना आणलेली ती हरणी, तांबूस अंगाची, कपाळावर पांढरा ठिपका. मुक्ताबाईनं दुसऱ्या दिवशी स्वतःच तिला टांग्याला जुंपलं. लहानपणी बापाच्या बैलगाडीचा कासरा तिनं धरलेला होता. लगाम त्याहून फार निराळा नाही, असं तिनं मनाला समजावलं.

पहिल्याच पावसाळ्यात हरणीच्या छातीवर पट्ट्याखाली जखम झाली. रंगनाथच्या सांगण्यावरून हळद-तेल लावलं, ती सुकायची आणि पुन्हा चिघळायची. शेवटी रंगनाथ म्हणाला, "डागनी दिली पायजे. आमचा बा असंच करायचा." लोखंड तापवून जनावराला चटका द्यायचा, ही कल्पनाच मुक्ताबाईला सोसेना. ती आज-उद्या करत राहिली.

त्याच सुमाराला अड्ड्यावर दवंडी फिरली. जनावरांच्या सरकारी दवाखान्याच्या सांगण्यावरून शांतवन सलोत्री दर बुधवारी दुपारी स्टेशनजवळच्या धर्मशाळेमागं, चिंचेखाली, टांगेवाल्यांना घोड्यांची निगा शिकवणार होता. सलोत्री म्हणजे घोड्यांचा वैद्य. हा शांतवन नगरचाच, ख्रिस्ती घरातला. फौजेच्या घोड्यांच्या दवाखान्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. लढाई संपली, फौजेत मोटारी आल्या आणि तो पेन्शन घेऊन घरी आला.

अड्ड्यावर हशा पिकला. सगळ्यांत जुना टांगेवाला कानिफनाथ. त्याचा शब्द अड्ड्यावर चालायचा. मिशीवरून हात फिरवत तो म्हणाला, "आता घोड्याला बाराखडी शिकवायची ऱ्हायली हुती. मी घोड्याच्या पाठीवर जलमलो, मला हा काय शिकवनार?"

मुक्ताबाई मात्र गेली. चिंचेखाली चारच माणसं होती. त्यातला एक तर सावलीला झोपायला आलेला. तिला बघून बाकीचे जरा सरकून बसले. शांतवननं एक म्हातारं खेचर मधोमध उभं केलं होतं. तो उंच, कृश माणूस. बोलणं हळू, आणि बोलताना हात जनावराच्या अंगावरून सारखा फिरत असायचा.

"बाई, तुम्ही कोणाकडून आलात?" त्यानं विचारलं.

"माझ्याकडूनच आले, सलोत्रीदादा. घोडी माझीच हाय. छातीला जखम हाय तिच्या."

त्यानं धडा तिथंच सोडला, धर्मशाळेच्या फाटकाशी उभ्या हरणीकडे गेला, पट्टा उचलून बघितला. "औषधानं हे बरं होणार नाही. पट्टा एकाच जागी घासतो आहे. इथं घडी घालून मऊ गादी शिवा, मधे जखमेपुरती पोकळी ठेवा. आणि आठवडाभर जुंपू नका, जमलं तर."

घरी येऊन तिनं हे रंगनाथला सांगितलं. तो बराच वेळ पट्टा उलटासुलटा करत बसला. "माझाच पट्टा, अन् मला दिसलं न्हाई," एवढंच म्हणाला, आणि जुन्या घोंगडीचा तुकडा कापायला घेतला. गादी त्यानं अशी सुबक शिवली की पुढच्या बुधवारी शांतवननं ती सगळ्यांना हातोहात फिरवून दाखवली. जखम भरून आली. डागणीचं लोखंड कुठल्या कोपऱ्यात पडलं, कोणी शोधलं नाही.

तेव्हापासून मुक्ताबाईनं एक बुधवार चुकवला नाही. आधी पाणी आणि मग चंदी, म्हणजे हरभऱ्याचा खुराक, हे तिथं कळलं. खुराच्या बेचक्यात रोज हात घालून बघायचं, नाल सैल झाला तर आवाजावरून ओळखायचं, दमून आलेल्या घोडीला लगेच पोटभर पाणी पाजायचं नाही. काही गोष्टी तिला आधीच येत होत्या, काही रंगनाथला येत होत्या पण त्या का करायच्या ते त्यालाही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी ती सांगायची आणि तो कधी मान डोलवायचा, कधी भांडायचा.

एका बुधवारी शांतवननं खेचराची नाकपुडी दोन बोटांनी उघडली आणि तो नेहमीपेक्षा हळू बोलू लागला. "एक रोग असा आहे की त्याला औषध नाही. इंग्रजीत ग्लँडर्स म्हणतात. एका नाकपुडीतून चिकट शेंबूड येतो. जबड्याखाली गाठ होते, कडक, दाबली तरी जनावर हलत नाही. पाण्यातून, तोंडाला बांधायच्या तोबऱ्यातून दुसऱ्याला लागतो. माणसालाही लागतो. तसं जनावर सापडलं की त्याला मारावंच लागतं, कायदाच आहे. मी फौजेत असताना एका तळावरची अख्खी रांग अशी गेली. सुरुवातीला एकानं लपवलं होतं, म्हणून." तो खेचराच्या कानामागं खाजवत राहिला. "रोज सकाळी नाक बघा आणि जबड्याखाली हात फिरवा. एवढंच माझं मागणं आहे."

मुक्ताबाई रोज हात फिरवू लागली.

सत्तेचाळीस साल उजाडायला थोडे दिवस राहिले होते. थंडी कडाक्याची पडलेली. एका सकाळी खरारा करायला ती ठाणात गेली तर हरणीच्या डाव्या नाकपुडीखाली पिवळट ओघळ सुकलेला दिसला. उजवी नाकपुडी कोरडी. तिनं जबड्याखाली हात घातला. लिंबाएवढी गाठ बोटांना लागली. तिनं दाबून बघितली. हरणीनं मान हलवली नाही.

मुक्ताबाईनं खरारा तिथंच टाकला. ती तशीच ओट्यावर येऊन बसली.

"काय झालं?" रंगनाथनं विचारलं.

तिनं सांगितलं. रंगनाथचा चेहरा क्षणभर उतरला, मग तो घाईघाईनं म्हणाला, "अगं सर्दी हाय. थंडी बघ किती पडलीय. गूळ अन् सुंठ दे, अन् जुंप. गाडीची येळ झाली."

"अन् तो रोग असला तर?"

"असला तर काय करनार हाईस? सरकारला सांगशील? गोळी घालत्याल तिला. हितं, आपल्या दारात."

हरणी गेली तर टांगा गेला, हे मुक्ताबाईला कळत होतं. त्याहून वाईट म्हणजे रोज पहाटे पावलांचा आवाज ओळखून फुरफुरणारी ती घोडी डोळ्यांसमोरून हलेना. गप्प बसावं, चार दिवस बघावं, असं मनात येऊन गेलं. पण अड्ड्यावर दगडी हौद होता आणि सगळी घोडी त्याच हौदावर पाणी प्यायची. कालही हरणी तिथंच प्यायली होती. अड्ड्यावरच्या तरण्या टांगेवाल्या भीमाची घोडी तिच्या शेजारी उभी होती. भीमाची लहानगी लेक त्या घोडीच्या गळ्यात पडून खेळायची.

ती उठली. "मी अड्ड्यावर जाते. पायी."

रंगनाथनं काठी हातात घेतली, पुन्हा खाली ठेवली. तिला अडवलं मात्र नाही.

अड्ड्यावर पोचली तेव्हा कानिफनाथ आपला घोडा सोडून हौदाकडे निघाला होता.

"मामा, थांबा! हौदावर पाजू नगा."

"का गं? पान्यात काय इख कालवलंय?"

तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. आधी कोणाला खरं वाटेना, मग एकच गलका उडाला. कानिफनाथनं तिला बाजूला घेतलं. त्याच्या तोंडावरचं हसू पार मावळलं होतं.

"मुक्ता, तुला कळतंय का काय बोलतीस? तू तोंड उघडलंस तर सरकार आमची समदी घोडी तपासील. एकाला जरी निघालं तर आमी खायाचं काय? गप घोडी घरी बांध. मेली तर मेली. कुनाला सांगू नगंस."

"अन् तोवर तुमच्या घोड्याला लागलं तर, मामा? भीमाच्या पोरीला लागलं तर?"

भीमा मागंच उभा होता. त्यानं आपल्या घोडीचा लगाम धरला आणि तिला हौदापासून लांब, पार सडकेपलीकडे नेऊन बांधलं. कानिफनाथनं हौदाकडे बघितलं, आपला घोडा मागं वळवला. मग पाय आपटत निघून गेला.

शांतवन मुक्ताबाईचा निरोप मिळताच केडगावला आला. त्यानं हरणीचं नाक बघितलं, गाठ चाचपली, डोळे बघितले. मुक्ताबाई त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"दादा, तोच हाय का?"

"मला सांगता येत नाही, बाई. असेलही, नसेलही. घशाच्या गाठीचा दुसरा एक आजार असतो, तोही असाच सुरू होतो. तो असला तर गाठ गरम होईल, दुखेल. पण नुसत्या हातानं मी खात्री देणार नाही. दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांना बोलावतो."

सरकारी डॉक्टर दुपारी आले. त्यांनी हरणीच्या खालच्या पापणीत बारीक सुईनं औषध टोचलं. रोग असला तर डोळा सुजून पू येईल, नसला तर डोळा साफ राहील; परवा सकाळी कळेल, असं त्यांनी सांगितलं. तोवर घोडी एकटी बांधायची, तिची बादली, तोबरा, खरारा कोणी दुसऱ्याला लावायचा नाही, आणि हात औषधाच्या पाण्यानं धुवायचे. अड्ड्यावरचा हौद रिकामा करून घासायलाही त्यांनी सांगितलं.

हौद घासायला मुक्ताबाई आणि शांतवन दोघंच लागले. कळीचा चुना, काथ्या, आणि थंडीत बधिर होणारे हात. शांतवननं कोट काढून चिंचेला टांगला होता. थोड्या वेळानं भीमा येऊन हौदात उतरला. मग आणखी एक जण. कानिफनाथ लांबून बघत होता. शेवटी त्यानं विहिरीवरून दोन बादल्या भरून आणल्या आणि हौदाशी ठेवल्या.

"मला वाटलं नव्हतं तू सांगशील," शांतवन काथ्या पिळत म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं तिला धाकट्या बहिणीसारखं 'तू' म्हटलं होतं.

"मलाबी वाटलं नव्हतं," मुक्ताबाई म्हणाली.

दुसरा दिवस सरता सरेना. घराच्या मागं बाभळीखाली हरणी एकटीच बांधलेली. रंगनाथ काठी टेकत परसात गेला आणि लांब एका दगडावर बसून राहिला. मुक्ताबाईनं भाकरी तिथंच नेऊन दिली. दोघं एकाच ताटात जेवली आणि घोडीकडे बघत राहिली.

"येवल्यावरनं आनली तवा आठवतंय का?" रंगनाथ म्हणाला. "वाटंत पावलापावलाला बसायची. मी निम्मी वाट तिला ढकलत आनली."

"अन् घरात आल्यावर माझं पिठाचं टोपलं पालथं केलं."

रंगनाथ हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "तू काल माझं ऐकलं न्हाईस, बरं केलंस," तो म्हणाला. "मी जुंप म्हनालो तरी माझंच मन मला खात हुतं."

परवाची सकाळ झाली. धुकं दाट होतं, बाभळीचं नुसतं खोड दिसत होतं. मुक्ताबाई परसाच्या दारापर्यंत गेली आणि थांबली. तिनं डोळे मिटून घेतले आणि मनातल्या मनात देवीला हात जोडले. धुक्यातून हरणी फुरफुरली.

ती जवळ गेली. घोडीचं तोंड दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवलं. डोळा काळाभोर, स्वच्छ. पापणीला जराही सूज नाही. तिचा विश्वास बसेना. तिनं पदरानं हरणीचं तोंड पुसलं, पुन्हा बघितलं. मग भीत भीत जबड्याखाली हात घातला. गाठ वाढली होती, पण आता ती चांगली गरम लागत होती, आणि बोट टेकताच हरणीनं मान झटकून मुक्ताबाईच्या खांद्याला असा धक्का दिला की ती चार पावलं मागं जाऊन बसली.

"दुखतंय!" ती ओरडली. "अहो, ऐकलं का! हिला दुखतंय!"

एखाद्याचं दुखणं ऐकून घरात एवढा आनंद बहुधा कधी झाला नसेल. रंगनाथ काठी विसरून भिंत धरत धरत परसात आला.

डॉक्टर आले, त्यांनी डोळा बघितला, गाठ बघितली. "ग्लँडर्स नाही," ते म्हणाले. "घशाची गाठ आहे. पिकेल, फुटेल, घोडी बरी होईल. पण हाही पसरणारा आजार आहे, तेव्हा लांब बांधली ते फार उत्तम झालं."

मुक्ताबाई मटकन खाली बसली आणि तिला रडू कोसळलं. परवापासून ती रडली नव्हती. रंगनाथ तिच्या शेजारी बसला, वाकडा पाय लांब पसरून, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. शेजारीपाजारी बघताहेत याचं भान दोघांनाही नव्हतं. शांतवननं डोक्यावरची टोपी काढली, मान खाली घालून ओठातल्या ओठात प्रार्थना म्हटली. टोपी त्यानं पुन्हा घातली. "फौजेतल्या त्या तळावर," तो म्हणाला, "मला ही सकाळ बघायला मिळाली नव्हती." मग त्यानं बाही वर केली आणि गरम पाण्याचा शेक कसा द्यायचा ते रंगनाथला दाखवायला बसला.

बातमी अड्ड्यावर पोचली तेव्हा म्हणे कानिफनाथनं तोंडातली विडी फेकून दिली आणि सगळ्या रांगेला आपल्या खर्चानं चहा पाजला. तो असं कधी करत नसे.

गाठ फुटली, घोडी चंदी खाऊ लागली. अड्ड्यावरच्या आणखी दोन घोड्यांना तशाच गाठी आल्या, त्यातली एक भीमाची. दोन्ही वेळीच बाजूला बांधली, दोन्ही वाचली. संक्रांत झाल्यावर हरणी पुन्हा टांग्याला लागली. त्या दिवशी स्टेशनवर टांगेवाल्यांनी मुक्ताबाईला रांगेत पुढं उभं केलं. कानिफनाथ स्वतः म्हणाला, "पयली सवारी तुझी. लई दिस घरी बसलीस."

पुढच्या बुधवारी चिंचेखाली जागा पुरेना. कानिफनाथ अगदी पुढं, मांडी ठोकून बसला आणि इतके प्रश्न विचारू लागला की शांतवनला खेचराचे पाय दाखवायला वेळच उरला नाही.

त्यानंतर शांतवनच्याच मनात आलं. टांगेवाले दिवसभर सडकेवर. घोड्याला पहाटे पाणी, चंदी, शेण काढणं हे सगळं घरच्या बाया करतात. त्या चिंचेखाली येणार नाहीत. "मुक्ता, तुझ्या अंगणात येतील," तो म्हणाला. "शिकवीन मी, पण हाक तू मार."

तिनं घरोघर जाऊन हाक मारली. पहिल्या दिवशी आठ-दहा बाया आल्या, पदर तोंडाला लावून ओट्याला टेकून बसल्या. रंगनाथ आपला साज घेऊन माजघरात जाऊन बसला, तरी कान बाहेरच होते. शांतवन बायांसमोर जरा अवघडला. मग त्यानं हरणीला पुढं आणलं आणि मुक्ताबाईलाच म्हणाला, "तू दाखव."

तिनं नाकपुडी उघडून दाखवली, जबड्याखाली कुठं चाचपायचं ते दाखवलं. "आता कोन येतंय?"

कोणीच उठेना. शेवटी कानिफनाथची बायको छबूबाई, जाडजूड, बोलायला फटकळ, पण घोड्याला जन्मभर भ्यालेली, बाकीच्यांच्या आग्रहानं पुढं आली. एक हात मुक्ताबाईच्या दंडावर घट्ट धरून दुसरा तिनं हळूच हरणीच्या जबड्याखाली नेला.

"लागतंय का काही?"

"न्हाई गं बाई. नुसतं मऊ मऊ लागतंय. अन् ऊन ऊन." छबूबाईचा चेहरा उजळला. ती आणखी जवळ सरकली आणि धीटपणानं नाकपुडीत वाकून बघू लागली.

हरणीला तेवढ्यात सणसणीत शिंक आली.

छबूबाईच्या तोंडावर, लुगड्यावर, नथीवर सगळा फवारा उडाला. मग छबूबाईच आधी हसली, तोंड पुसत, पोट धरून, आणि सगळं अंगण हसू लागलं. माजघरातून रंगनाथचं हसू ऐकू आलं. शांतवनही हसत होता, मान वळवून, हरणीच्या पाठीवर थोपटत.

"नाक साफ हाय," छबूबाई म्हणाली. "आता पुढचं सांगा, सलोत्रीदादा."